धुतलेले हात

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह, किल्ले आणि राज्याभिषेक उभे राहतात. शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला तशी सवयच लावली आहे. परंतु माणसाच्या जगण्यामरण्यावर एखाद्या लढाईपेक्षाही ज्यांचा परिणाम अधिक झाला, अशा कितीतरी गोष्टींना त्या पुस्तकांत जागा मिळालेली नाही. अशाच एका अगदी साध्या गोष्टीचा इतिहास मी आज आपणांस सांगणार आहे. ती गोष्ट म्हणजे हात धुणे.

“यात कसला आला आहे इतिहास? जेवायला बसण्याआधी हात धुवावेत हे आमच्या आजीलाही ठाऊक होते,” असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. खरे आहे ते. पण बाळंतिणीला, जखमी माणसाला, रोग्याला हात लावण्यापूर्वी तो धुतला पाहिजे, आणि का धुतला पाहिजे, हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. एवढेच नव्हे, तर एका तरुण डॉक्टराने ते आकड्यांनिशी दाखवून दिले, तेव्हा बहुतेकांनी त्याचे म्हणणे झिडकारले. त्यांनी ते का झिडकारले, आणि पुढे ही सवय कोणी व कशी रुजविली, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण तो प्रश्न आजही संपलेला नाही.

चला तर, आपण ऑस्ट्रियाच्या साम्राज्याची राजधानी असलेल्या व्हिएन्ना शहरात जाऊ. तेथल्या भल्यामोठ्या सार्वजनिक इस्पितळात गोरगरीब बायकांसाठी प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्या विभागात सुइणींना शिक्षण मिळे. कोणत्या बाईने कोठे जायचे हे वारांवर ठरलेले असे. अमुक दिवशी आलेल्या बायका पहिल्या विभागात, तमुक दिवशी आलेल्या दुसऱ्या विभागात. म्हणजे बायका त्याच शहरातल्या, त्याच परिस्थितीतल्या. इमारत तीच, हवाही तीच.

आता आकडे पाहा. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ माता दगावल्या. म्हणजे शंभरांत अकराहून अधिक. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणे झाली आणि १०५ माता दगावल्या, म्हणजे शंभरांत तीनही नाहीत. हे काही एकाच वर्षाचे नव्हे. १८४१ पासून दरवर्षी हेच चालले होते. या मृत्यूंचे मुख्य कारण म्हणजे बाळंतज्वर. बाळंतपण सुखरूप झालेल्या बाईला एकदोन दिवसांत हुडहुडी भरून ताप यावा, पोट दुखून फुगावे, आणि आठवड्याच्या आत सगळा खेळ आटोपावा, असे त्या रोगाचे रूप होते.

शहरातल्या बायकांना हे ठाऊक झाले होते. पहिल्या विभागाचा वार आला की त्या रडत, पाया पडत, दुसरीकडे पाठवा म्हणून विनवीत. कित्येकींची तर इस्पितळात येता येता रस्त्यातच सुटका होई. आणि नवल असे की, अशा रस्त्यात बाळंत झालेल्या बायकांना हा ताप फारच क्वचित येई! म्हणजे दगडमातीच्या रस्त्यापेक्षा विद्वानांचे प्रसूतिगृह अधिक धोक्याचे ठरले होते.

या पहिल्या विभागात १८४६ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर साहाय्यक म्हणून रुजू झाला. तो मूळचा हंगेरीतल्या बुडा गावचा. वय अवघे अठ्ठावीस. रोज डोळ्यांदेखत मरणाऱ्या माता त्याला पाहवेनात. वरिष्ठांपाशी उत्तरे पुष्कळ होती. कोणी म्हणे हवेत दोष आहे, कोणी म्हणे गर्दी फार होते, कोणी म्हणे बायका भीतीनेच मरतात. सेमेलवाइसने एकेक उत्तर कसाला लावून पाहिले. हवेचा दोष म्हणावा, तर भिंतीपलीकडच्या विभागाला तो का बाधत नाही? गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या विभागात ती अधिक, कारण बायका तिकडेच जायला धडपडतात. मरणासन्न बाईसाठी येणारा पाद्री घंटा वाजवीत जातो आणि त्या आवाजाने बायका हाय खातात, असेही कोणी सुचविले. त्याने पाद्रीबुवांना घंटेविना, दुसऱ्या वाटेने यायला लावले. फरक पडला नाही. दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर निजवून बाळंत करीत. तेही त्याने करून पाहिले. मृत्यू थांबले नाहीत.

एक धागा मात्र तुटत नव्हता. १८४० सालापर्यंत दोन्ही विभागांत विद्यार्थी व सुइणी मिसळून शिकत, आणि तोवर दोन्हीकडचे मृत्यूही साधारण सारखेच होते. विद्यार्थी एकीकडे आणि सुइणी दुसरीकडे झाल्या, तेव्हापासून हा फरक पडू लागला. मग विद्यार्थ्यांपाशी असे काय होते, जे सुइणींपाशी नव्हते?

उत्तर मिळाले ते एका मित्राच्या मृत्यूतून. मार्च १८४७ मध्ये याकोब कोलेच्का नावाचे त्याच इस्पितळातले प्राध्यापक शवविच्छेदन शिकवीत असता एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली. जखम ती केवढी! पण त्याच जखमेने ज्वर चढून ते काही दिवसांत वारले. त्यांच्या शवाची तपासणी झाली, तिचा अहवाल सेमेलवाइसने वाचला आणि तो थरारला. बाळंतज्वराने मेलेल्या बायकांच्या शरीरात जे बिघाड आढळत, तेच येथे एका पुरुषाच्या शरीरात आढळले होते. कोलेच्कांच्या अंगात प्रेताचा अंश सुरीने गेला. बाळंतिणींच्या अंगात तो कशाने जात होता?

हाताने! विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी प्रेतांची चिरफाड करीत आणि तेथून थेट प्रसूतीच्या विभागात येऊन बायकांना तपासीत. सुइणींच्या शिक्षणात प्रेतांचे काम नव्हतेच. साबणाने हात धुतले तरी प्रेताची दुर्गंधी हातांना राही, यावरून तो अंश पुरता जात नाही हे सेमेलवाइसने ताडले. कारण शोधायला सारे जण आकाशपाताळ एक करीत होते आणि ते होते प्रत्येकाच्या बोटांवर. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा.

मे १८४७ च्या मध्यास त्याने नियम केला. प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला शिवायचे नाही. पुढे खर्च वाचावा म्हणून क्लोरीनयुक्त चुना वापरू लागले. आपल्या गावी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात ना, त्याच जातीचा हा पदार्थ. परिणाम काय झाला? एप्रिल महिन्यात पहिल्या विभागात शंभरांत अठरा माता दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनांच्या आसपास आले आणि जुलैमध्ये एकाच्या थोडे वर राहिले. १८४८ च्या संपूर्ण वर्षात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले. म्हणजे सुइणींच्या विभागापेक्षाही किंचित कमीच! त्या वर्षीच्या मार्च आणि ऑगस्ट महिन्यांत तर या विभागात एकही माता दगावली नाही.

मध्यंतरी घडलेली एक घटना आपण विशेष लक्षात ठेवावी, कारण रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा धडा तिच्यातच आहे. ऑक्टोबर १८४७ मध्ये पहिल्या खाटेवर एक बाई होती. तिला गर्भाशयाचा कर्करोग असून त्यातून घाण वाहत होती. तपासणीची फेरी याच खाटेपासून सुरू होई. डॉक्टरांनी फेरीच्या आरंभी क्लोरीनने हात धुतले होते. पण या बाईला तपासल्यावर पुढच्या बायकांकडे जाताना त्यांनी नुसता साबण वापरला. तिच्या बरोबरच्या बारा बाळंतिणींपैकी अकरा जणी मेल्या. सेमेलवाइसला कळून चुकले की विष केवळ प्रेतातच असते असे नाही. ते जिवंत रोग्याकडून दुसऱ्या रोग्याकडेही जाते आणि नेणारा हात असतो उपचार करणाऱ्याचाच. तेव्हापासून त्याने एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी हात धुणे सक्तीचे केले.

एवढा पुरावा समोर असताना डॉक्टरमंडळींनी हे डोक्यावर घ्यायला हवे होते. तसे झाले नाही. थोडे जण त्याच्या बाजूने उभे राहिले. पण त्याचे वरिष्ठ प्राध्यापक योहान क्लाइन यांना त्याचे म्हणणे पटले नाही. त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही आणि १८५० साली तो व्हिएन्ना सोडून मायदेशी गेला. असे का व्हावे? एक कारण शास्त्राचे आहे. रोगजंतूंचा सिद्धान्त अजून सिद्ध व्हायचा होता, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा हा अंश कोणता, हे त्याला दाखविता येत नव्हते. दुसरे कारण मनाचे आहे, आणि माझ्या मते तेच अधिक बलवान. त्याचे म्हणणे मान्य करायचे, तर आजवर आपल्या हातून किती माता मेल्या याचा हिशेब प्रत्येकाला आपल्याशीच मांडावा लागला असता. जो माणूस स्वतःला धुतल्या तांदळासारखा समजतो, त्याला “तुझेच हात मळले आहेत” हे ऐकवत नाही. मग तो कितीही शिकलेला असो.

सेमेलवाइसच्या बाजूनेही उणीव राहिली. आपला शोध त्याने वर्षानुवर्षे सविस्तर लिहून काढला नाही. त्याचा ग्रंथ निघाला तो १८६१ साली. आणि नंतर विरोधकांना त्याने जी उघड पत्रे लिहिली, त्यांत त्यांना खुनी ठरविले. त्याचा संताप खोटा नव्हता. पण अशाने ऐकणारे कान उघडत नाहीत, बंद होतात. अखेर त्याचे मन बिघडले. १८६५ च्या जुलैअखेर त्याला व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले आणि १३ ऑगस्ट रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जखमेतून विष अंगात भिनून तो वारला. ज्या तऱ्हेच्या मरणाशी तो जन्मभर झुंजला, त्याच तऱ्हेचे मरण त्याला आले.

योगायोग पाहा. त्याच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर नावाच्या शल्यवैद्याने पाय मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लात भिजविलेली पट्टी बांधली. जखम चिघळली नाही. मूल बरे झाले. लिस्टरने फ्रान्सच्या लुई पाश्चरचे सूक्ष्म जीवांवरचे लेखन वाचले होते. पुढे १८७९ साली पाश्चरने पॅरिसच्या वैद्यकीय सभेत बाळंतज्वराच्या जंतूंची साखळी फळ्यावर काढून दाखविली. सेमेलवाइसला जे दाखविता आले नाही, ते असे जगापुढे आले. पण तोवर बत्तीस वर्षे लोटली होती!

सत्य कळले, आता ते रोजच्या कामात उतरायला हवे होते. शल्यवैद्य काही रोग्यापाशी चोवीस तास बसत नाही. अंथरूण बदलणे, जखम पुसणे, पाणी पाजणे, ताप पाहणे ही कामे परिचारिकेची. म्हणून हा इतिहास यापुढे मुख्यतः परिचारिकांचा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या अडतीस परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. तेथे गोळ्या लागून मरणाऱ्या सैनिकांपेक्षा रोगाने मरणारे कितीतरी अधिक होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य मंडळाने ती उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. नाइटिंगेलबाईंनी मृत्यूंचे हे आकडे पुढे रंगीत आकृत्यांत मांडून सरकारपुढे ठेवले. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांच्या नावे परिचारिकांची शाळा निघाली. परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावेत, असे त्यांनी आपल्या पुस्तकात सांगून ठेवले आहे. आणि हे त्यांनी जंतूंचा सिद्धान्त प्रस्थापित होण्यापूर्वी सांगितले!

रबरी हातमोज्यांची कथाही एका परिचारिकेपासूनच सुरू होते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची कातडी जंतुनाशक औषधाने सोलवटून निघू लागली. तेव्हा शल्यवैद्य हॉल्स्टेड यांनी १८८९-९० च्या सुमारास तिच्यासाठी पातळ रबराचे मोजे करवून घेतले. मोजे आले ते तिचे हात वाचावेत म्हणून. रोगीही त्यांनी वाचतो हे नंतर लक्षात आले. मात्र मोजे घातले म्हणजे हात धुण्यातून सुटका झाली, असे कोणी समजू नये. मळलेला मोजा आणि मळलेला हात यांत जंतूला काही फरक वाटत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात तो प्रथम ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. तेथून तो पुण्याला पोचला. रोग जसा शुश्रूषा करणाऱ्याकडून रोग्याकडे जातो, तसा तो शुश्रूषा करणाऱ्यालाही गाठतो, हे महाराष्ट्राने त्या साथीत पाहिले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असता स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. म्हणून रोगसंसर्ग टाळण्याचे नियम हे रोग्यासाठी जेवढे, तेवढेच सेवा करणाऱ्यासाठी आहेत.

त्याच १८९७ साली डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला प्रथम स्वतःला टोचून घेतली. ही लस पुढे देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि हे सारे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनसाहेबांवर. पुढे उघड झाले की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. हाफकिन यांच्यावरचा डाग १९०७ साली पुसला गेला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले. लाखो जीव वाचविणारी लस; पण जमिनीवर पडलेला एक चिमटा तसाच उचलला गेला आणि एकोणीस संसार उद्ध्वस्त झाले.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. आपल्या खेड्यांत याची किंमत सर्वांत अधिक मोजली ती तान्ह्या बाळांनी. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापायची आणि वर राख किंवा शेण लावायचे, ही रीत कित्येक ठिकाणी होती. आठवड्याभरात बाळाचा जबडा बसे, ते दूध ओढीनासे होई आणि लोक म्हणत, सटवीचा फेरा आला. सटवी कसली? ते पाते होते, तो हात होता. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सुईणबाईला दोष देऊन हे बदलले नाही. तिला बोलावून, मानाने बसवून, शिकवून ते बदलले. आरोग्यखात्याच्या परिचारिकांनी गावोगाव पाच स्वच्छतांचे पाठ दिले: हात स्वच्छ, बाळंतपणाची जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ, आणि कापलेल्या नाळेवर काहीही लावायचे नाही. जोडीला गरोदर बायकांना धनुर्वाताची लस मिळू लागली आणि इस्पितळातली बाळंतपणे वाढली. २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. निर्मूलन म्हणजे रोग अत्यंत विरळ झाला एवढेच. जंतू मातीत आहेतच. हात आणि पाते यांच्याकडे दुर्लक्ष झाले की तो परत येईल.

व्हिएन्नाच्या सेमेलवाइसपाशी सत्य होते, पण ते लोकांच्या गळी उतरविण्याची रीत नव्हती. आपल्या गावच्या परिचारिकेने ती रीत साधली. माझ्या मते या इतिहासाचे सार ते हेच. २०२० च्या करोनाच्या साथीत आपण सर्वांनीच दारात बादली आणि साबण ठेवला होता. साथ ओसरली आणि कित्येक दारांतून तो साबणही नाहीसा झाला. इस्पितळांत अशी ढिलाई परवडत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली परिचारिकांना व डॉक्टरांना पाच वेळा नेमून दिल्या. रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी. सुई, नळी किंवा जखमेचे स्वच्छ काम करण्यापूर्वी. रक्त, लघवी अशा स्रावांचा संबंध आल्यावर. रोग्याला स्पर्श केल्यानंतर. आणि रोग्याच्या खाटेला, आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पाचही वेळा हात साफ झालाच पाहिजे. पहिल्या खाटेवरच्या त्या बाईची आणि तिच्या शेजारणींची आठवण ठेवूनच जणू हे नियम घातले आहेत.

आपणही त्यात हातभार लावू शकता. इस्पितळात आपल्या माणसाला भेटायला गेलात, तर आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला उचलण्याआधी पाहुण्यांनी हात धुतलेच पाहिजेत, असे घरातल्या वडीलधाऱ्या बाईने न संकोचता सांगावे. नर्सबाई हात धुवायला थांबल्या तर “उशीर का?” असे विचारू नका. त्या आपल्याच माणसासाठी थांबलेल्या असतात.

आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आपणांस एक विनंती. “हात धुवा” असे नुसते सांगितले तर मुले मान डोलावतात आणि विसरतात. त्याऐवजी फळ्यावर व्हिएन्नाच्या त्या दोन विभागांचे १८४६ सालचे आकडे लिहा: एकीकडे ४,०१० बाळंतपणांत ४५९ मृत्यू, दुसरीकडे ३,७५४ बाळंतपणांत १०५. शेकडेवारी मुलांनाच काढू द्या. फरक का पडला असेल, हे त्यांनाच विचारा. हवा, गर्दी, घंटा अशी सगळी उत्तरे येऊ द्या आणि एकेक खोडून काढा. मग बोलता बोलता एखादे पोर आपल्या हातांकडे पाहील. त्या वेळी वर्गात पाण्याची बादली आणि साबणाची वडी तयार असू द्या.